जोडणीला मुखत्यारी कशाला?

भिंगारमध्ये छावणीच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला परवानगी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. घरावर मजला चढवायचा असो की कुंपणाची भिंत पुढे घ्यायची असो, छावणी परिषदेची मंजुरी लागते. कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ तसं स्पष्ट सांगतो आणि त्यामागे कारण आहे: बांधकामाने सगळ्यांच्या जागेत फरक पडतो. पण त्याच घरातून कोणाला पत्र पाठवायचं असेल तर परिषदेकडे अर्ज घेऊन कोणी जात नाही, कारण पत्राने हद्दीत काहीच बदलत नाही. संगणकाच्या जगात नेमका हा भेद बराच काळ पाळला गेला नाही. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवून त्याला इंटरनेटशी जोडायचं, हे खरं तर पत्र पाठवण्याच्या जातीचं काम. तरीही त्यासाठी वापरणाऱ्याकडे बांधकामाचा, किंबहुना सगळ्या इमारती पाडण्याचाही, अधिकार असला पाहिजे असं धरलं गेलं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांत आणि छोट्या कंपन्यांत आजही अनेक ठिकाणी तसंच धरलं जातं. माझं म्हणणं असं, की हा अधिकार मागणं आता तांत्रिक गरज उरलेली नाही. ती जुनी सवय आहे, तिची किंमत मोठी आहे, आणि ती मोडण्याची साधनं फुकट उपलब्ध आहेत.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला पूर्ण संगणक. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे असा त्याचा समज असतो. कंटेनर त्याहून हलका. तो मूळ संगणकाचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वापरतो, पण आतल्या प्रोग्रामला फायली, प्रक्रिया आणि नेटवर्क यांचं वेगळं, बंदिस्त चित्र दिसतं. लिनक्समध्ये हे वेगळं चित्र ज्या सोयीने तयार होतं तिला नेमस्पेस म्हणतात. आणि रूट म्हणजे लिनक्सवरचं सर्वाधिकारी खातं. रूट कोणाचीही फाईल वाचू शकतो, कोणाचाही प्रोग्राम थांबवू शकतो, नेटवर्कची मांडणी बदलू शकतो. पुढे १९९९ च्या सुमारास लिनक्सने या एकगठ्ठा सत्तेचे तुकडे पाडले. नेटवर्कची मांडणी बदलण्याचा अधिकार हा त्यातला एक वेगळा तुकडा झाला. पण रोजच्या व्यवहारात माणसं तुकडे मोजत बसत नाहीत. आज्ञेच्या आधी सुडो लिहितात आणि अख्खी सत्ता हाती घेतात.

आतल्या संगणकाला जोडण्यासाठी ही सत्ता लागे ती कशी? आतलं काल्पनिक नेटवर्क कार्ड जे बाहेर टाकतं ती असते इथरनेटची चौकट, म्हणजे पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता लावलेला कच्चा माल. ही चौकट जशीच्या तशी खऱ्या जाळ्यावर सोडायची असेल तर मूळ संगणकावर एक काल्पनिक कार्ड तयार करावं लागतं, ते आणि खरं कार्ड एका ब्रिजवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्विचवर, बांधावं लागतं, शिवाय बहुधा फायरवॉलचे नियम बदलावे लागतात. हे सगळं मूळ संगणकाच्या मांडणीत हात घालणं आहे, म्हणून रूट लागतो, आणि तो लागावाच. या पद्धतीला नाव ठेवण्याचं कारण नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये तीच योग्य आहे. चूक झाली ती हीच एकमेव पद्धत आहे असं मानण्यात. कारण आतल्या संगणकाला बहुतेक वेळा कच्ची चौकट बाहेर पाठवायचीच नसते. त्याला एखादं पॅकेज उतरवायचं असतं, डेटाबेसशी बोलायचं असतं, वेब पान उघडायचं असतं. म्हणजे कुठल्या तरी पत्त्यावरच्या कुठल्या तरी पोर्टशी एक जोडणी हवी असते. अशी जोडणी लिनक्सवरचा कोणताही साधा वापरकर्ता, कोणाला न विचारता, रोज शेकडो वेळा करतो. ब्राउझर तेच करतो. त्याला सॉकेट उघडणं म्हणतात. मग मध्ये एक साधा प्रोग्राम बसवावा, त्याने आतून आलेली चौकट उघडून पाहावी, आत कोणत्या पत्त्याला जायचं लिहिलंय ते वाचावं, आणि आपल्या स्वतःच्या नावाने एक सॉकेट उघडून मजकूर पुढे द्यावा. उत्तर आलं की ते पुन्हा चौकटीत घालून आत द्यावं. सगळी युक्ती एवढीच. यात मूळ संगणकाची मांडणी तसूभरही हलत नाही.

ही युक्ती नवी नाही, आणि तिचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती महाराष्ट्राच्या एका पिढीला चांगली आठवत असेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मुंबई पहिल्या शहरांत होती, पुण्याला ते थोड्याच काळात मिळालं. विद्यार्थ्यांना परवडणारं खातं होतं ते शेल खातं. मोडेमवरून फोन लावायचा, निगमच्या युनिक्स संगणकावर प्रवेश करायचा आणि तिथल्या तिथे फक्त अक्षरांत काम करायचं. तुमचा स्वतःचा संगणक इंटरनेटवर नसायचाच. तो निगमच्या संगणकाचा दूरचा पडदा होता. चित्रांसकट वेब पाहायचं तर टीसीपी-आयपी खातं हवं, आणि ते कितीतरी महाग. जगभर विद्यापीठांत आणि छोट्या सेवादारांकडे अशीच शेल खाती होती. त्याच काळात ऑस्ट्रेलियात डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी स्लर्प नावाचा प्रोग्राम लिहिला. शेल खात्यावर तो साध्या प्रोग्रामसारखा चालवायचा. फोनच्या तारेवर तो तुमच्या संगणकाशी पूर्ण इंटरनेट जोडणी असल्यासारखा बोलायचा, आणि दुसऱ्या बाजूला युनिक्स संगणकावर तुमच्या नावाने साधी सॉकेट उघडायचा. कोणतीही खास परवानगी न घेता अक्षरांच्या खात्याचं खरं इंटरनेट झालं. जोडणी उघडण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आधीपासून होताच, स्लर्पने फक्त तो पुरेसा आहे हे दाखवून दिलं. माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावा हाच आहे, आणि तो तीस वर्षं जुना आहे.

फोनच्या तारा गेल्या, ब्रॉडबँड आलं, पण स्लर्प मेलं नाही. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम आणला, आणि थोड्याच काळात स्लर्पचा कोड त्याच्या पोटात गेला. क्यूईएमयूमध्ये काहीही न सांगता मशीन सुरू केलं की आतल्या संगणकाला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो तो स्लर्पकडूनच. पुढे २०१८ च्या सुमारास अकिहिरो सुदा यांनी हीच कल्पना कंटेनरांसाठी वापरून स्लर्प-फोर-नेटएनएस लिहिलं आणि रूटविना कंटेनर प्रत्यक्षात वापरण्याजोगे झाले. पण जुन्या कोडचं ओझंही बरोबर आलं. स्लर्पला टीसीपीचा सगळा कारभार स्वतः सांभाळावा लागतो: आलेला मजकूर स्वतःच्या स्मृतीत साठवायचा, पोचपावत्यांचा हिशोब ठेवायचा, हरवलेलं पुन्हा पाठवायचं. शिवाय त्यात नव्वदच्या दशकातल्या आयआरसीसारख्या सेवांसाठी खास सोयी होत्या, ज्यांची गरज केव्हाच संपली होती. २०१९ मध्ये तुटक पॅकेट जोडणाऱ्या भागात स्मृतीची मर्यादा ओलांडणारी गंभीर त्रुटी सापडली. जुन्या सेवांची नक्कल करणाऱ्या भागात २०१९ आणि २०२० मध्ये आणखी त्रुटी निघाल्या. आतल्या मशीनमधला दुष्ट प्रोग्राम या वाटेने बाहेरच्या क्यूईएमयूवर हल्ला करू शकत होता. म्हणजे कल्पना बरोबर होती, पण तिला नव्याने लिहिण्याची वेळ आली होती.

ते नवं लिखाण म्हणजे पास्त आणि पास्ता. स्टेफानो ब्रिव्हिओ यांनी ते सुरू केलं आणि डेव्हिड गिब्सन यांच्यासारखे कर्नलमधले मुरलेले लोक त्यावर काम करतात. दोन्ही नावांमागे प्रोग्राम एकच आहे. पास्त या नावाने चालवला की तो व्हर्च्युअल मशीनची बाजू सांभाळतो, पास्ता या नावाने चालवला की कंटेनरसारख्या नेमस्पेसची. त्याची रचना मला फार आवडते, कारण ती आपली व्याप्ती ओळखून केलेली आहे. टीसीपीचा सगळा कारभार स्वतः करण्याऐवजी तो कर्नलच्याच टीसीपीवर विसंबतो. बाहेरून आलेला मजकूर आतल्या मशीनने पोच देईपर्यंत कर्नलच्या रांगेतच पडून राहतो. पास्त तो नुसता डोकावून वाचतो आणि आत देतो. त्यामुळे साठवणुकीचा कोड उरतच नाही आणि चालू असताना नवी स्मृती मागण्याची वेळ येत नाही. ज्या जागी स्लर्पच्या त्रुटी दाटीवाटीने निघाल्या ती जागाच त्याने रिकामी केली. आतल्या मशीनला तो वेगळा बनावट पत्ता देत नाही, मूळ संगणकाचाच पत्ता आत दाखवतो. आयपीव्ही सिक्स पहिल्यापासून चालतं. सुरू झाल्यावर तो स्वतःभोवती कुंपण घालतो: आपल्याला लागणार नाहीत अशा कर्नल-आज्ञा कायमच्या सोडून देतो, फाईल सिस्टीमपासून तुटतो, आणि चुकून रूटने चालवला तर आपणहून साध्या खात्यावर उतरतो. क्यूईएमयूच्या डिसेंबर २०२२ च्या ७.२ आवृत्तीपासून तो थेट जोडता येतो, आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या पॉडमन ५ या कंटेनर साधनात रूटविना कंटेनरांसाठी पास्ता हाच न सांगता मिळणारा पर्याय झाला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला प्रयोग अशा जागी पोचत नाही.

सवयीची किंमत मोठी आहे असं वर म्हटलं, त्याचा पुरावा द्यायला हवा. डॉकर आपल्याकडे सर्वांत जास्त शिकवलं जाणारं कंटेनर साधन आहे. त्याची पार्श्वभूमीला चालणारी सेवा नेहमीच्या मांडणीत रूट म्हणून चालते, आणि विद्यार्थ्यांना दर वेळी सुडो लिहावं लागू नये म्हणून त्यांना डॉकर नावाच्या गटात घातलं जातं. या गटातला माणूस मूळ संगणकाची अख्खी डिस्क एका कंटेनरमध्ये जोडून तिच्यावर रूट म्हणून वाट्टेल ते करू शकतो. त्यासाठी एक ओळ पुरते आणि त्यात फोडाफोडीचं कौशल्य काहीच लागत नाही. डॉकरच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच हा इशारा आहे, पण गटात घालण्याची ओळ सगळे नकलतात आणि इशारा मागे राहतो. दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०१९ चं. डॉकरच्या आत कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणाऱ्या रनसी या प्रोग्राममध्ये सीव्हीई-२०१९-५७३६ ही त्रुटी उघड झाली. कंटेनरमधला रूट बाहेरच्या संगणकावरचा रनसीच बदलून टाकू शकत होता आणि पुढच्या वेळी तो चालला की पूर्ण ताबा मिळवू शकत होता. जिथे कंटेनरमधला रूट बाहेर साधा वापरकर्ताच होता, तिथे हा हल्ला अडला, कारण रनसीच्या फाईलवर लिहिण्याचा अधिकारच त्याच्याकडे नव्हता. त्रुटी दोन्हीकडे तीच होती. नुकसान ठरलं ते अधिकार किती दिला होता यावरून.

नेटवर्कच्या बाबतीत हाच हिशोब आणखी ठळक दिसतो. समजा, विळद घाटातल्या विखे पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी एका मोठ्या प्रयोगशाळेत सगळे संगणक एकाच स्विचवर आहेत आणि विद्यार्थ्यांची व्हर्च्युअल मशीन ब्रिजने जोडलेली आहेत. मग प्रत्येक मशीन त्या जाळ्यावर स्वतंत्र यंत्र म्हणून उतरतं. त्यातल्या एकात चुकून पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा सुरू झाली, आणि सर्व्हर शिकताना हे अगदी सहज होतं, तर शेजारच्या संगणकांना चुकीचे पत्ते मिळू लागतात आणि अख्खी प्रयोगशाळा इंटरनेटवरून तुटते. कोणी मुद्दाम केलं तर एआरपीची, म्हणजे हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या प्रश्नांची, खोटी उत्तरं पाठवून दुसऱ्याची वाहतूक स्वतःकडे वळवता येते. पास्त वापरल्यास यातलं काहीही होऊ शकत नाही, कारण आतली कच्ची चौकट मूळ संगणकाबाहेर जातच नाही. बाहेर जातात त्या फक्त साध्या जोडण्या, आणि त्या प्रत्येक जोडणीवर ती उघडणाऱ्या वापरकर्त्याचा क्रमांक कर्नलला माहीत असतो. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना साहजिकच काळजी असते, की रूटविना जोडण्या दिल्या तर कोण काय करतंय ते कळणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ब्रिजवरच्या मशीनचा हार्डवेअर पत्ता हवा तसा बदलता येतो, पण वापरकर्त्याचा क्रमांक त्याला स्वतःला बदलता येत नाही. फायरवॉलमध्ये त्या क्रमांकावर नियमही लावता येतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. रूटविना कंटेनर चालतात ते युजर नेमस्पेसवर. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या कर्नलपासून साध्या वापरकर्त्याला स्वतःचं बंदिस्त क्षेत्र तयार करून त्याच्या आत रूट होता येतं. बाहेर तो साधाच राहतो. पण आत रूट झालेला माणूस कर्नलच्या अशा भागांना हात लावू शकतो जिथे पूर्वी फक्त विश्वासू प्रशासक पोचत असे, आणि ते भाग अविश्वासू माणूस समोर आहे असं धरून लिहिलेले नव्हते. परिणाम दिसले. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२२-०१८५ आणि फायरवॉलच्या कोडमधली सीव्हीई-२०२४-१०८६ या दोन्ही त्रुटींचा फायदा साधा वापरकर्ता घेऊ शकत होता तो याच वाटेने. दुसऱ्या त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झाल्याचं अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने नोंदवलं. डेबियनने २०२१ मधल्या अकराव्या आवृत्तीपर्यंत ही सोय साध्या वापरकर्त्यांना बंदच ठेवली होती. उबुंटूने २४.०४ मध्ये तिच्यावर लगाम घातला. तेव्हा हा आक्षेप घेणारे लोक जुन्या वळणाचे आहेत असं म्हणून त्यांना उडवून लावता येत नाही. ते बरोबर आहेत.

पण त्यांच्या बरोबर असण्यातून निष्कर्ष कोणता निघतो? युजर नेमस्पेस बंद करून त्याऐवजी विद्यार्थ्याला डॉकर गटात घालायचं, असा तो असेल तर ते आगीतून उठून फुफाट्यात पडण्यासारखं आहे. पहिल्या वाटेने रूट मिळवायला कर्नलमध्ये न बुजवलेली त्रुटी लागते, आणि कर्नल अद्ययावत ठेवला की ती वाट बंद होते. दुसऱ्या वाटेने त्रुटी लागतच नाही, रूट दिलेलाच आहे. शिवाय मधला मार्ग आहे, आणि उबुंटूने नेमका तोच धरला. युजर नेमस्पेस सरसकट सगळ्यांना नाही, पण ॲपआर्मर या लिनक्सवरच्या सुरक्षा यंत्रणेच्या यादीत ज्या प्रोग्रामांसाठी तशी नोंद आहे त्यांना. पास्तसाठी अशी नोंद लिहिलेली आहे. ज्या प्रशासकाला कर्नलची धास्ती आहे त्याने हेच करावं: वाट सगळ्यांना खुली न ठेवता, तपासलेल्या मोजक्या प्रोग्रामांपुरती ठेवावी. मोठी सत्ता वाटण्याला हा पर्याय आहे, आणि माझ्या मते प्रामाणिक पर्याय हाच आहे.

वेगाचा आक्षेप त्यामानाने हलका. प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर येऊन एका साध्या प्रोग्राममधून जातं, त्याचा भार पडतोच. पास्त तो कमी करण्यासाठी आत ६५,५२० बाइटांपर्यंतचे मोठे गठ्ठे वापरतो. दहा गिगाबिटच्या तारेवर रात्रंदिवस डेटा हलवणाऱ्याने ब्रिजच वापरावा. पण नगर जिल्ह्यातल्या बहुतेक प्रयोगशाळांत आणि घरांत अडतं ते ब्रॉडबँडच्या तारेवर, पास्तपाशी नव्हे. खऱ्या मर्यादा वेगळ्याच आहेत. टीसीपी, यूडीपी आणि पिंग याखेरीज इतर प्रोटोकॉल या वाटेने जात नाहीत. १०२४ च्या खालची पोर्ट साध्या वापरकर्त्याला नेहमीच्या मांडणीत उघडता येत नाहीत, म्हणून वेब सर्व्हर ८० ऐवजी ८०८० वर चालवावा लागतो. आणि शेजारच्या खऱ्या यंत्रांशी चौकटीच्या पातळीवर बोलायचं असेल तर ते शक्य नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संगणक जाळ्यांची प्रात्यक्षिकं असतात. ब्रिज, राउटिंग, एआरपी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं याने कसं भागणार, असा प्रश्न एखादा शिक्षक विचारील. भागतं, आणि जास्त चांगलं भागतं. आपल्या युजर नेमस्पेसच्या आत तो रूट असतो, तेव्हा तिथे त्याने हवे तेवढे ब्रिज बांधावेत, हवे तेवढे काल्पनिक संगणक जोडावेत, एआरपीची खोटी उत्तरं पाठवून काय होतं ते पाहावं. सगळं त्याच्या क्षेत्रातच राहतं. खऱ्या स्विचवर हे शिकवायला कोणी धजत नाही.

हा विचार छोट्या प्रयोगशाळांपुरता आहे असं कोणाला वाटलं तर त्याने मोठ्या यंत्रांकडे पाहावं. पुण्यातल्या आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म चालतो, सीडॅकचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये जगातल्या पहिल्या शंभर महासंगणकांत आला, आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या संशोधनासाठी २६ सप्टेंबर २०२४ रोजी परम रुद्र राष्ट्राला अर्पण झाला. अशा सामायिक यंत्रांवर शेकडो संशोधक एकाच वेळी काम करतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही रूट देता येत नाही. म्हणूनच महासंगणकांच्या जगाने डॉकर जसंच्या तसं स्वीकारलं नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी सिंग्युलॅरिटी हे वेगळं साधन तयार झालं. तेसुद्धा सुरुवातीला रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका छोट्या मदतनिसावर अवलंबून होतं. त्याचा आजचा वारस ॲपटेनर याने २०२२ मधल्या १.१ आवृत्तीपासून तो मदतनीस नेहमीच्या मांडणीतून काढून वेगळा केला आणि युजर नेमस्पेसवर भिस्त ठेवली. ज्यांच्याकडे सर्वांत महागडी यंत्रं आहेत त्यांनी निवडलेली दिशा हीच आहे.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष बसवण्याचा. इथे एक गोष्ट खटकते ती आधीच सांगतो: रूटविना चालणारं साधन पॅकेज म्हणून बसवायला एकदा रूट लागतो. डेबियन १२ आणि त्यापुढे, उबुंटूच्या आजच्या आवृत्त्यांत आणि फेडोरात पास्त नावाचं पॅकेज आहे. प्रशासकाने ते एकदा बसवलं की दोन्ही नावं सर्वांना मिळतात आणि ॲपआर्मर किंवा एसईलिनक्सच्या नोंदींची सोयही त्याबरोबर होते. एकदाच्या परवानगीने रोजची परवानगी वाचते, हा व्यवहार मला रास्त वाटतो. प्रशासक उपलब्ध नसेल तर मूळ कोड उतरवून घरच्या फोल्डरमध्ये मेक ही एक आज्ञा दिली तरी पुरते. सी कंपायलर आणि नेहमीची सी लायब्ररी यांखेरीज त्याला काही लागत नाही. फक्त उबुंटू २४.०४ वर घरच्या फोल्डरमधल्या प्रतीला ॲपआर्मरची नोंद नसते, त्यामुळे ती अडते. तिथे पॅकेजच बरं. बसलं की पास्ता, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि कॉन्फिग-नेट असं लिहून चालवावं. नवा शेल उघडतो, त्यात नेटवर्क वेगळं असतं, पण पत्ता मूळ संगणकाचाच दिसतो आणि वेब पान उघडतं. पिंगला उत्तर येत नसेल तर कर्नलची पिंग-ग्रुप-रेंज ही मर्यादा पाहावी. ती वाढवणं हे प्रशासकाचं काम. पॉडमन वापरायचं असेल तर इटीसी फोल्डरमधल्या सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन फायलींत वापरकर्त्याच्या नावे सहसा ६५,५३६ दुय्यम क्रमांक राखलेले असावे लागतात. संगणकावरच तयार केलेल्या खात्यांसाठी ते आपोआप होतं, पण महाविद्यालयात खाती मध्यवर्ती एलडॅप सर्व्हरवर असतील तर होत नाही. बसवलं पण चालत नाही, ही तक्रार पुष्कळदा इथेच अडकलेली असते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला याशिवाय केव्हीएम गटात जागा हवी, नाहीतर मशीन चालेल पण फार संथ.

भिंगार, नगर, विळद घाट, लोणी, कुठेही संगणकाची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढचं सत्र सुरू होण्यापूर्वी डॉकर गटात कोणाकोणाची नावं आहेत ती यादी एकदा काढा. त्या यादीतल्या प्रत्येकाकडे आज तुमच्या संगणकाचा रूट आहे. गट रिकामा करा, पॉडमन आणि पास्त बसवा, दुय्यम क्रमांकांची नोंद करा आणि कर्नल अद्ययावत ठेवा. एका दुपारचं काम आहे, आणि विद्यार्थ्यांचं एकही प्रात्यक्षिक त्याने अडणार नाही.